साहेबांची तक्रार साहेबांच्याच मार्फत?

घरातला पहिला मुलगा किंवा पहिली मुलगी नोकरीला लागली की घरचे एक सल्ला हमखास देतात, "साहेबांशी जुळवून घे." हा सल्ला आपण हसण्यावारी नेऊ शकत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत महिन्याच्या महिन्याला पगार येणारी नोकरी मिळवण्यासाठी त्या घराने काय काय सोसलेले असते, हे त्या घरालाच ठाऊक असते. पण जुळवून घेणे कुठे संपते आणि मुकाट सोसणे कुठे सुरू होते, हे कोणी सांगत नाही. सोसणे असह्य झाल्यावर दाद कुठे मागायची, हे तर त्याहून कमी लोक सांगतात.

आपल्या या दोन जिल्ह्यांत नोकऱ्या कुठे आहेत ते पाहा. वेकोलिच्या कोळसा खाणी, चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र, बल्लारपूरचा कागद कारखाना, राजुरा-कोरपन्याकडचे सिमेंट कारखाने, ताडोबा आणि त्याभोवतीचे पर्यटन. गडचिरोलीत वनविभाग, आश्रमशाळा, आरोग्य केंद्रे, आणि आता सुरजागडची लोहखाण व कोनसरीचा कारखाना. या सगळ्या ठिकाणी आपली मुले मोठ्या संख्येने ठेकेदाराच्या मस्टरवर, मानधनावर, तासिका तत्त्वावर किंवा 'अकरा महिन्यांच्या ऑर्डर'वर आहेत. साहेब कायम आणि कामगार तात्पुरता, अशी ही मांडणी आहे. अशा मांडणीत साहेब स्वभावाने बरा निघाला तर नशीब, आणि वाईट निघाला तर कर्मभोग, असे मानून लोक दिवस काढतात.

आमचे म्हणणे एवढेच आहे की वाईट साहेब हा मुळात स्वभावाचा प्रश्न नाही. तापट माणूस कुठेही असतो. खरा प्रश्न हा की त्याच्याविरुद्धची तक्रार त्याच्याच टेबलावरून पुढे जाते. सरकारी पत्रव्यवहारातला 'मार्फत' हा एक शब्द अनेकांचे आयुष्य पोखरतो.

हरिसालने काय दाखवले

वनविभागातले सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण मेळघाटचे आहे. २५ मार्च २०२१ रोजी मेळघाट व्याघ्र प्रकल्पातील हरिसाल येथे वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आत्महत्या केली. मागे त्यांनी चार पानी पत्र ठेवले होते. गुगामल वन्यजीव विभागाच्या उपवनसंरक्षकांकडून होणारा छळ, इतरांसमोर होणारा अपमान, गरोदरपणात करायला लावलेली जंगलातली पायपीट आणि त्यानंतर झालेला गर्भपात, अडवलेला पगार, असे आरोप त्या पत्रात होते. उपवनसंरक्षकांना दुसऱ्याच दिवशी नागपुरात अटक झाली. प्रकल्पाच्या क्षेत्रसंचालकांची आधी बदली आणि मग निलंबन झाले. दोष कोणाचा आणि किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आम्ही इथे फक्त तक्रारीची वाट तपासतो आहोत.

दीपाली चव्हाण गप्प बसलेल्या बाई नव्हत्या. अवैध वृक्षतोड करणाऱ्यांच्या मागे जाणारी धडाडीची अधिकारी अशीच त्यांची ओळख होती. त्या राजपत्रित अधिकारी होत्या, शिकलेल्या होत्या, नियम जाणत होत्या. त्यांनी वरिष्ठांच्या वरिष्ठांना सांगितले होते, लोकप्रतिनिधींपर्यंतही गाऱ्हाणे पोहोचवले होते. त्यांचे शेवटचे पत्रसुद्धा क्षेत्रसंचालकांच्याच नावे होते. म्हणजे अखेरपर्यंत त्यांची तक्रार त्याच शिडीवर राहिली, जिच्या एका पायरीवर तो साहेब उभा होता. जिच्या अंगावर खाकी होती तिची ही गत झाली, तर त्याच जंगलात रोजंदारीवर काम करणाऱ्या वनमजुराची काय कथा?

वैद्यकीय क्षेत्रातही याहून वेगळे घडले नाही. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी २२ मे २०१९ रोजी आत्महत्या केली. त्या आदिवासी समाजातल्या होत्या आणि तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर जातीवरून छळाचा आरोप झाला. त्यांच्या कुटुंबाने विभागाकडे आधीच गाऱ्हाणे मांडले होते. ऐकणारे मात्र त्याच विभागातले होते.

आपल्या जंगलात

चंद्रपूर आणि गडचिरोलीत वनविभागाची शिडी तीच आहे. वनमजूर, वनरक्षक, क्षेत्रसहायक, वनपरिक्षेत्र अधिकारी, सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक आणि वर मुख्य वनसंरक्षक. गणवेशाच्या खात्यात 'आदेश म्हणजे आदेश' ही शिस्त लागते, हे आम्ही मान्य करतो. पण जंगलातल्या आदेशाची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबात व्याघ्रगणनेच्या पूर्वतयारीसाठी पायी सर्वेक्षण करताना वनरक्षक स्वाती ढुमणे यांचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. हा छळाचा प्रकार नव्हता, कर्तव्यावरचा मृत्यू होता, आणि आम्ही त्याची गल्लत करत नाही. तरी एक प्रश्न उरतो. "साहेब, आज तिकडे जाणे धोक्याचे आहे," असे खालच्या माणसाला म्हणता येईल, त्याची नोंद होईल आणि तसे म्हटल्याबद्दल त्याचा गोपनीय अहवाल खराब होणार नाही, अशी व्यवस्था आपल्याकडे आहे का? जिथे कामावर धोका असतो, तिथे साहेबाला 'नाही' म्हणण्याचा सुरक्षित मार्ग ही चैन नसते. हेल्मेट-बुटांइतकीच ती सुरक्षेची बाब असते. खाणीतल्या आणि वीज केंद्रातल्या कामगारांना हे वेगळे सांगायला नको.

ठेकेदारी कामात तर साहेब कोण हेच कळत नाही. सुपरवायझर म्हणतो ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो वरून बिल निघाले नाही, आणि वरचे म्हणतात तू आमचा कामगारच नाहीस. २०२१ मध्ये चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील कंत्राटी कामगारांना थकीत पगार आणि किमान वेतनासाठी डेरा आंदोलन करावे लागले आणि ते अनेक महिने चालले. करोनाच्या त्या काळात ज्यांच्या हातांनी रुग्णालय चालत होते, त्यांनाच रस्त्यावर बसावे लागले. पण ते एकत्र बसले, म्हणून त्यांचा प्रश्न शहराचा प्रश्न झाला. प्रत्येकाने एकट्याने केबिनबाहेर उभे राहून हात जोडले असते, तर त्यांची नावेही कोणाला कळली नसती.

बाबासाहेबांनी दोन्ही बाजू पाहिल्या होत्या

१९१७ मध्ये बाबासाहेब परदेशातून शिकून बडोदा संस्थानात नोकरीला गेले. तिथला सर्वांत वरचा साहेब, सयाजीराव महाराज, चांगला होता. शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती. तरीही कचेरीतले शिपाई फायली लांबून फेकत, प्यायला पाणी मिळत नसे, आणि शेवटी राहायला जागाही उरली नाही. वरचा माणूस भला असून भागत नाही, खाली कामाच्या जागी न्याय मिळवून देणारी यंत्रणा लागते, हा धडा आपण त्या प्रसंगातून घेतला पाहिजे. आपण मात्र आजही त्या प्रसंगावर फक्त हळहळतो.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी यंत्रणाच उभी करण्यावर भर दिला. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणाऱ्या त्रिपक्षीय परिषदा घेतल्या. मालकांनी कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे, असे विधेयक १९४३ मध्ये मांडले. ते स्वतः धनबादच्या कोळसा खाणींत गेले आणि कोळसा कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. खाणींच्या या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्या किती तरुणांना हे ठाऊक आहे? त्याआधी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बजावले होते. वाईट साहेब अनेकदा या दोन्हींच्या टोकावर बसलेला असतो. 'कोट्यातून आलास' हे एका दमात म्हणतो आणि 'उद्यापासून येऊ नकोस' हे दुसऱ्या दमात.

धम्म सोसायला सांगतो का?

आमच्याकडे येणारी काही मुले सांगतात, घरचे म्हणतात, "आपण बौद्ध आहोत, क्रोध करू नये, मैत्री ठेव." क्रोध करू नये हे खरेच. पण धम्मात अन्याय गिळून टाकायला कुठे सांगितले आहे? एका ब्राह्मणाने तथागतांना शिव्या दिल्या, तेव्हा पाहुण्याने न खाल्लेले अन्न यजमानाकडेच राहते, या दृष्टांताने त्यांनी त्या शिव्या स्वीकारायलाच नकार दिला. न स्वीकारणे आणि मुकाट सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये स्पष्ट मोजलेली आहेत. ताकदीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, चांगले खाद्य वाटून खावे आणि वेळेवर सुट्टी द्यावी. याच सुत्तात कामगाराचीही कर्तव्ये आहेत. काम नीट करावे, दिलेलेच घ्यावे. म्हणजे नाते दुहेरी आहे. शिवाय विनयात संघातले वाद मिटवण्याच्या सात रीती आहेत आणि त्यातली पहिली 'सम्मुखाविनय', म्हणजे संघासमोर, संबंधितांच्या उपस्थितीत, नियमाप्रमाणे निवाडा. ज्याच्यावर तक्रार आहे त्यानेच बंद खोलीत निकाल द्यावा, हे अडीच हजार वर्षांपूर्वीही मान्य नव्हते.

आजचा कायदा कुठे उभा आहे

साधा छळ, म्हणजे ओरडणे, टोमणे, मुद्दाम गैरसोयीची ड्युटी, यासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. म्हणून कोणत्या तक्रारीला कोणते दार आहे हे ओळखणे महत्त्वाचे.

पहिले दार, कामगार कायदे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारने चार श्रम संहिता लागू केल्या. त्यांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते रास्त आहेत. सर्वच औद्योगिक आस्थापनांत संपासाठी १४ दिवसांची नोटीस सक्तीची झाली आहे, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी आता ५० किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील तिथेच लागू होतात. ४९ माणसे दाखवणारा ठेकेदार त्यातून सुटतो. पण याच संहितांत आपल्या उपयोगाच्या गोष्टीही आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे. मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिले पाहिजे. २० किंवा अधिक कामगार असलेल्या औद्योगिक आस्थापनेत तक्रार निवारण समिती हवी, तिच्यात मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समसमान हवेत. घटनेपासून एका वर्षात अर्ज करता येतो आणि समितीने ३० दिवसांत निकाल द्यायचा असतो. निकाल मान्य नसेल तर ६० दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येते, मात्र आपण सदस्य असलेल्या कामगार संघटनेमार्फत. म्हणजे 'युनियनच्या भानगडीत पडू नको' हा घरचा सल्ला आता थेट नुकसानीचा ठरतो. दाद कुठे मागायची यातही फरक आहे. कोळसा खाणी केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेखाली येतात, वीज केंद्र आणि बहुतेक खासगी आस्थापना राज्याच्या कामगार आयुक्तालयाखाली.

दुसरे दार, महिलांसाठी २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी. तक्रार मालकाविरुद्धच असेल, किंवा दहापेक्षा कमी माणसे असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुदत तीन महिन्यांची आहे, योग्य कारण असल्यास आणखी तीन महिने वाढते. मालकाची तक्रार मालकाच्या टेबलावरून जाऊ नये, ही समज या कायद्याने दाखवली आहे. तीच समज बाकी सर्व छळाच्या तक्रारींना लागू करा, ही आपली मागणी असली पाहिजे.

तिसरे दार, ॲट्रॉसिटी कायदा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, म्हणून हे संरक्षण आपल्याला आहे. जातीचा दाखला हाताशी ठेवा. मात्र जातिवाचक अपमानाचे कलम लागायला तो अपमान लोकांच्या नजरेत येईल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. ३१ जानेवारी २०२५ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी कार्यालयातल्या दालनात घडलेली घटना या व्याख्येत बसत नाही असे म्हटले. याचा अर्थ चतुर साहेब केबिनचे दार लावूनच बोलणार. प्रत्येक भांडणाला हेच कलम लावायला जाऊ नये आणि जिथे ते लागते तिथे भिऊन मागे हटू नये. पगार थकला असेल तर कामगार कार्यालय गाठा, जातीवरून चारचौघांत बोलला असेल तर पोलीस ठाणे.

सरकारी सेवेतल्यांसाठी आणखी दोन वाटा आहेत. बदली, वेतनवाढ, शिस्तभंगाची कारवाई अशा सेवाविषयक अन्यायासाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे 'मॅट', आणि त्याचे खंडपीठ नागपुरात आहे. शिवाय आपल्या तक्रारीचे काय झाले हे माहिती अधिकारात विचारता येते.

तरुणांनी काय करावे

आमच्या अनुभवात हरलेल्या बहुतेक तक्रारी खोट्या नव्हत्या, त्या उशिरा आणि तोंडी होत्या. म्हणून काही साध्या सवयी लावून घ्या.

ज्या दिवशी घटना घडली त्याच दिवशी वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, कोणते शब्द, कोण हजर होते. "नेहमी त्रास देतात" या वाक्यावर चौकशी होत नाही, तारखेवर होते. तोंडी आदेश धोक्याचा किंवा बेकायदा वाटला तर "आपण दिलेल्या सूचनेप्रमाणे" असे लिहून व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर साहेबांनाच कळवा. लिहून आले की अनेक आदेश आपोआप सौम्य होतात. मूळ मोबाईल आणि मूळ संदेश जपा.

तक्रार 'मार्फत'च द्यावी लागत असेल तर द्या, पण आगाऊ प्रत थेट वरच्या कार्यालयाला पाठवा आणि आवक-जावक विभागाची पोच घ्या. पोच नसलेली तक्रार ही तक्रारच नाही असे समजा. निनावी पत्रांवर विसंबू नका. नियुक्तीपत्र, हजेरी, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक यांच्या प्रती घरी ठेवा. रागाच्या भरात राजीनामा लिहून देऊ नका आणि कोऱ्या कागदावर सही तर कधीच नाही.

आणि एकटे जाऊ नका. केबिनमध्ये बोलावले तर शक्य असेल तेव्हा सहकाऱ्याला सोबत घ्या. तो आपल्या जातीचा नसला तरी चालेल. त्याच साहेबाचा त्रास कुणबी, तेली, गोंड, माडिया सहकाऱ्यालाही होत असतो. आपली तक्रार सर्वांची झाली की तिला 'जातीचे राजकारण' म्हणून बाजूला सारणे अवघड जाते. मनावर ताण असह्य होत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या टेली मानस क्रमांकावर फोन करा आणि घरात बोला. नोकरी गेली तर दुसरी शोधता येते.

आणि आपले साहेब?

शेवटी एक अप्रिय गोष्ट. आता आपल्यातही साहेब आहेत. वर्ग एकचे अधिकारी, मुख्याध्यापक, संस्थाचालक, ठेकेदार, सामाजिक संस्थांचे प्रमुख. जयंतीच्या मंचावर त्यांचे सत्कार होतात. त्यांच्या हाताखालच्या शिक्षिकेला पूर्ण पगारावर सही करून अर्धा पगार परत द्यावा लागत असेल, त्यांच्या संस्थेतल्या कार्यकर्त्याला 'चळवळीसाठी त्याग' म्हणून सहा सहा महिने मानधन मिळत नसेल, तर हार घालण्याआधी समाजाने ते विचारले पाहिजे. आमच्यासारख्या सामाजिक संस्थांत काम करणाऱ्यांनाही हाच निकष लावा. मंचावर संविधान आणि कार्यालयात सरंजामशाही, हे बाबासाहेबांच्या नावाने चालणार नाही.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरनंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेबांनी चंद्रपूरच्या भूमीवर धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या सोहळ्याला दीक्षाभूमीवर लाखो पावले येतात. पुस्तकांचे स्टॉल लागतात, भोजनदान होते, आरोग्य तपासणी होते. त्याच रांगेत एक टेबल कामगार-कर्मचाऱ्यांच्या तक्रारींचे असावे, जिथे एक वकील, एक निवृत्त कर्मचारी आणि एक युनियनचा माणूस बसेल. आणि ते दोन दिवसांपुरते नको. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, राजुरा, वडसा, आरमोरी, चामोर्शी, अहेरी, जिथे जिथे आपले मोठे विहार आहे तिथे महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर दोन तास द्या. अर्ज लिहून द्या, पोच कशी घ्यायची ते शिकवा, कामगार कार्यालयात सोबत जा.

याला निधी लागत नाही. लागतात निवृत्त झालेले आपले बाबू, वेकोलितले जुने कामगार, कायदा शिकणारी मुले. पुढच्या पौर्णिमेला आपापल्या विहाराच्या बैठकीत हा विषय मांडा. साहेबाचे टेबल ओलांडायला माणसाला दुसरे टेबल लागते. ते आपण मांडू शकतो.

जय भीम!